धामच्या पात्रातील बेट आणि प्रवरपूरची पंगत

प्रवासाचे बेत आखू लागले की आपल्याकडील कुटुंबांची दृष्टी प्रथम दूरवर जाते. कोणास काश्मीर हवे असते, कोणास केरळ. आणि आता घरटी एक-दोन माणसे परदेशी असल्यामुळे सिंगापूर, लंडन ही नावेही माजघरात सहज ऐकू येतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु आपल्याच जिल्ह्यात एका प्राचीन राजघराण्याची राजधानी होऊन गेली, तिच्या पायाशी वाहणाऱ्या नदीच्या पात्रात एक बेट आहे, आणि हे सारे घरापासून अवघ्या आठ-नऊ किलोमीटरांवर आहे, याचे स्मरण आम्हां वर्धेकरांस क्वचितच होते. नागपूरच्या रस्त्याने जाता-येता मोटारीच्या काचेतून जेवढे दिसेल तेवढेच आमचे पवनार!

वर्धा शहर स्वतः काही जुने नव्हे. १८६६ च्या सुमारास पालकवाडी नावाच्या लहानशा वस्तीच्या जागी ते आखून वसविले गेले. पवनारची गोष्ट निराळी. अकबराच्या काळच्या ‘आइने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचे नाव आहे, आणि त्याच्याही मागे हजार-अकराशे वर्षे गेले असता वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने वसविलेले प्रवरपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. पुढे रामटेकजवळ मनसर येथे उत्खनन झाल्यावर तेच प्रवरपूर असावे, असा पक्ष काही पुरातत्त्वज्ञांनी मांडला. वाद विद्वानांचा आहे. आम्ही वर्धा जिल्ह्याचे असल्यामुळे मिराशींच्या बाजूचे आहोत, हे वाचकांनी समजून घ्यावे.

संक्रांत होऊन गेली होती आणि घरातील बहुतेक मंडळी एका छपराखाली जमली होती. सर्वांत वडील आमच्या आजी, वय अठ्ठ्याऐंशी; सर्वांत धाकटा पुण्याहून आलेला पणतू, वय सात; मिळून आम्ही नऊ जण. दिवसभर पवनार पाहावे आणि रात्रीचे जेवण तेथेच एका शेतावर करून परतावे, असे ठरले. जेवणाचे बोलावणे त्या शेताच्या मालकाकडून आले होते. हे बोलावणे साधे नव्हते. आमच्या घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली, एकदा तर ताटे वाढलेली असताना झाली, आणि शेवटी आजींनीच निकाल दिला, “मी जाणार आहे. ज्याला यायचं त्यानं यावं.” त्याची हकीकत पुढे ओघाने येईल.

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही धाम नदीच्या पुलावर पोचलो. १९३८ च्या मार्चमध्ये विनोबा भावे प्रकृती अतिशय ढासळलेल्या अवस्थेत येथे आले. जमनालाल बजाज यांचा एक बंगला पलीकडच्या टेकाडावर होता, तेथे विश्रांती घ्यावी असे ठरले होते. पूल ओलांडताना ‘संन्यस्तं मया’ असे तीनदा उच्चारून त्यांनी सर्व चिंतांचा त्याग केला आणि मग प्रकृतीही सुधारली, ही कथा आमच्याकडे लहान मुलांस पाठ असते. धाम नदीच्या पलीकडचे म्हणून त्या स्थानाचे नाव त्यांनी ‘परंधाम’ ठेवले. शब्दांशी खेळण्याची त्यांची हौस जन्मभर टिकली.

आश्रमाच्या आवारात शिरताच पहिली गोष्ट लक्षात येते ती येथील स्वच्छता, आणि दुसरी म्हणजे येथील मूर्ती. १९५९ साली विनोबांनी येथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी आणि आश्रमाचा कारभारही आपला आपण चालवावा, ही त्यामागील कल्पना. विष्णुसहस्रनामाचा पाठ आणि सायंकाळी गीताईतील स्थितप्रज्ञाची लक्षणे हा येथील नित्यक्रम होय. पाठ चालू असताना आमच्या काकू नकळत त्यात मिसळल्या आणि तो संपेपर्यंत उठल्या नाहीत.

मूर्तींचे वृत्त अधिक अद्भुत आहे. येथील जमीन खणताना जुनी शिल्पे हाती लागली, आणि त्यांत एक राम व भरत यांच्या भेटीचे म्हणून ओळखले गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना विनोबांनी या भेटीचे चित्र कोणी काढील तर किती बहार होईल, असे बोलून दाखविले होते. ते चित्र दगडात कोरलेले, कित्येक शतके मातीखाली पडून, त्यांच्याच कुदळीची वाट पाहत होते! ही शिल्पे वाकाटककालीन मंदिराची असून त्यांत रामकथा आहे, असे मिराशींचे मत. काही अभ्यासक त्यांत कृष्णचरित्र पाहतात. आमच्या पणतूने बराच वेळ निरखून विचारले, “दोघंही सारखेच दिसतात; मग यातला राजा कोण?” हा प्रश्न विनोबांस फार आवडला असता.

आश्रमातून पायऱ्या उतरल्या की नदी. हिवाळ्यात धामचे पात्र काळ्या खडकांनी भरलेले दिसते. पाणी त्यांच्यामधून वाट काढीत, कोठे खळाळत, कोठे डोहासारखे स्थिर होऊन जाते. वरच्या अंगास महाकाळी येथे धरण आहे. वर्धेच्या नळांना येणारे पाणीही याच नदीचे. पात्राच्या मधोमध खडकांचा जो उंच पुंजका आहे, त्यावर एक छत्री उभारलेली आहे. हेच आमचे बेट. भूगोलाच्या पुस्तकातील व्याख्येस ते पुरे उतरणार नाही, आणि पावसाळ्यात महापूर आला म्हणजे खडकांचे नावही दिसत नाही. तथापि चोहोंकडे पाणी, वर उघडे आकाश, आणि तेथे उभे राहिले असता दोन्ही काठांवरील जगाचा आवाज क्षीण व्हावा, एवढ्याने बेट होत असेल तर हे बेट खचितच आहे.

१२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या अस्थींचे येथे विसर्जन झाले. त्या तिथीस दरवर्षी येथे सर्वोदय मेळा भरतो. आजींचे माहेर वर्धेचेच. त्या दिवशी त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि वडिलांचे बोट धरून याच काठावर उभ्या होत्या. गांधीजींच्या वधानंतरचे ते दिवस कसे होते, हे जुन्या वाचकांस सांगावयास नको. महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मण कुटुंबांवर त्या पंधरवड्यात संकट कोसळले होते. शेजाऱ्यांनी आजींच्या वडिलांस घराबाहेर न पडण्याचा सल्ला दिला होता. ते म्हणाले, “ज्यांच्या घरात सुतक आहे त्यांनी घरी बसून कसे चालेल?” आणि मुलीस घेऊन पायी निघाले.

ही आठवण आजींनी पूर्वीही सांगितली होती. बेटावर बसून मात्र त्यांनी ती प्रथमच सांगितली. कारण गेल्या कित्येक वर्षांत गुडघ्यांमुळे त्या काठावरूनच नमस्कार करून परतत. या खेपेस दोन नातवांनी दोन्हीकडून धरले आणि त्या एकेक खडक चाचपीत, मध्ये दोनदा विसावा घेत, छत्रीपर्यंत पोचल्या. या सव्वाशे पावलांस अर्धा तास लागला. वर गेल्यावर त्यांनी पाण्यात हात बुडविला, तोच ओला हात डोळ्यांस लावला, आणि मुलांस म्हणाल्या, “आता काय खायला आणलंय ते काढा.” दशम्या, दाण्याची चटणी, दही आणि गोरस भांडारातील गोरसपाक एवढ्यावर दुपार भागली. पाण्याच्या कडेला कोणीतरी टाकून गेलेले निर्माल्य व प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. त्या आमच्या सुनेने मुकाट्याने गोळा करून काठावर नेल्या. तीर्थास जावे आणि तेथेच घाण टाकून यावे, ही आपली रीत कधी सुटेल कोण जाणे.

दुपार कलल्यावर आम्ही गावाकडे वळलो. प्राचीन नगर पाहावयाचे म्हणून जो जाईल त्याची येथे निराशा होईल. हंपीसारखे खांब नाहीत, वेरूळसारखी लेणी नाहीत. टेकाड आहे, जुन्या किल्ल्याच्या थोड्या खुणा आहेत, त्यावर आजच्या गावाची घरे आहेत, आणि भोवती तूर, कापूस, हरभरा. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा एकावर एक वसलेल्या वस्त्यांचे थर उघडे झाले. बाकीचे नगर नांगराच्या फाळाखाली निजले आहे.

मग पाहावयाचे काय? आमच्या मते येथे डोळ्यांपेक्षा स्मरणाने पाहावे लागते. हा प्रवरसेन राजा म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र; आणि ‘सेतुबंध’ या महाकाव्याचा कर्ता. ते काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजेत. विषय रामाने समुद्रावर सेतू बांधून लंकेचे बेट गाठल्याचा. दंडीने त्याची वाखाणणी केली, आणि दूर कंबुज देशातील यशोवर्मन् राजाच्या शिलालेखातही या सेतूचा उल्लेख आला. समुद्र ज्याने पाहिला असेल-नसेल अशा राजाने धामच्या काठी बसून समुद्रावरचे महाकाव्य रचावे, आणि त्याची कीर्ती खरोखरीच समुद्र ओलांडून जावी! आमचे काका या ठिकाणी इतके रंगात आले की मुलांस ऊस घेऊन देण्याचे त्यांच्या लक्षातच राहिले नाही.

काकांनी खिशातून एक टिपणही काढले. प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षी प्रवरपुराहून दिलेला एक ताम्रपट अचलपूरजवळील चम्मक या गावी एकोणिसाव्या शतकात शेतात सापडला. त्यात राजाने चर्मांक नावाचा गाव, राजमानाने आठ हजार भूमी, निरनिराळ्या गोत्रांच्या एक हजार ब्राह्मणांस दिल्याचे लिहिले आहे. येथवर ऐकून आमच्या मंडळींच्या मुद्रा प्रसन्न झाल्या. पण पुढे अट आहे. या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या करू नये, राजाचे अहित चिंतू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांस उपद्रव देऊ नये. असे असेल तोवर सूर्यचंद्र असेपर्यंत गाव त्यांचा. अन्यथा राजाने जमीन परत घेतली तर ती चोरी ठरणार नाही.

“म्हणजे तेव्हापासूनच आपल्यावर विश्वास नव्हता!” धाकट्या नातवाने म्हटले आणि सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “कसणारे कोण होते, त्यांची नावं आहेत का रे त्यात?”

नावे नाहीत. दान घेणाऱ्यांपैकी काहींची आहेत, कसणाऱ्यांची नाहीत.

आता बोलावण्याची हकीकत. पवनारच्या शिवारात आमच्या घराची अठरा एकर जमीन होती. आजोबांच्या वडिलांनी ती घेतली. एक कुटुंब ती पिढीजात कसत असे. वर्धेस बसून आम्ही खंड घेत होतो. १९५८ साली विदर्भासाठी कूळ कायदा आला आणि पुढील काही वर्षांत ती जमीन रीतसर कुळाच्या नावे झाली. आजोबांस तो घाव फार लागला. कायदा अन्याय्य आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. १९५१ च्या सप्टेंबरात विनोबा भूदानासाठी पवनारहून पायी दिल्लीस निघाले, तेव्हा त्यांस निरोप देण्यास आजोबा स्वतः गेले होते. पण कोणी प्रेमाने मागितलेली जमीन देणे निराळे आणि तहसील कचेरीत नाव कमी होणे निराळे, असे त्यांस वाटे. त्या शिवारात त्यांनी पुन्हा पाऊल ठेविले नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांच्या अंत्यदर्शनास आले तेही नदीकाठावरूनच परतले. दोन्ही घरांत भांडण असे नव्हते. लग्नाच्या पत्रिका मात्र एकमेकांस जात नसत. साठ वर्षे अशीच गेली. गेल्या वर्षी आमच्या घरची मुलगी आणि त्यांच्या घरची मुलगी वर्धेच्या एकाच महाविद्यालयात एका बाकावर आल्या, आणि दोघींनी आपापसांत हे सारे शोधून काढले. त्यांच्या वडिलांनी मग बोलावणे धाडले.

त्यामुळे शेताच्या बांधाशी मोटार थांबली तेव्हा आमच्यापैकी कोणी पटकन उतरेना. काका उगाच काच पुशीत राहिले. तोच यजमान पुढे आले, वाकून आजींच्या पाया पडले आणि म्हणाले, “या जी आजीबाई. आमचे बुढे सांगत, मालकीणबाई नवी नवरी असताना एकडाव आल्या होत्या म्हणून.”

“मालकीणबाई कसली आता,” आजी म्हणाल्या. “तू मालक. विहिरीचं पाणी अजून गोड आहे का, ते सांग आधी.”

पाणी गोड होते. विहिरीवर आता मोटेऐवजी विजेचा पंप आहे. काठचा आंबा तोच, फार म्हातारा झालेला. यजमानांच्या मातोश्रींनी विहिरीच्या काठावर मांडून ठेविलेल्या जाडजूड जुन्या विटा आणि खापराचे तुकडे दाखविले. नांगरताना असे काही ना काही वर येतेच, असे त्या म्हणाल्या. कोणत्या काळचे, हे तज्ज्ञांनी सांगावे. मुलांनी ते हाताळून जेथल्या तेथे ठेवून दिले.

सूर्य मावळला तसा गारवा वाढला. शेताच्या मोकळ्या जागी गोवऱ्यांचा जगरा पेटला होता. विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगतो: जाडसर, रवाळ दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट भिजवून, थापून, खाली-वर पळसाची पाने लावून निखाऱ्यात भाजतात, त्यास पानगे म्हणतात. पाने करपतात, आतील पानगा खरपूस होतो आणि त्याच्या अंगावर पानाच्या शिरा उमटतात. वर राख असते ती झटकावी, पानगा फोडावा, तुपात बुडवावा आणि वांग्याच्या झणझणीत रसभाजीशी कुस्करून खावा. सोबत तुरीचे वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. वांगी तेव्हाच झाडावरून तोडलेली होती. कोथिंबिरीस आमच्याकडे सांबार म्हणतात. ती मूठमूठ पेरलेली होती. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत चांदीच्या वर्खाखाली जे मिळत नाही ते येथे राखेखाली मिळते.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. येथे थोडा वेळ अवघड गेला. यजमानांनी आमची पंगत निराळी, आंब्याखाली, सतरंज्या टाकून मांडली होती. त्यांची माणसे वाढावयास उभी होती. आदरानेच हे केले होते, यात शंका नाही. आमच्या आजींचे सोवळे घरात प्रसिद्ध आहे. त्यांनी आयुष्यात बाहेरचे अन्न किती वेळा घेतले हे बोटांवर मोजता येईल, आणि त्या येथेही केवळ फळे घेतील, अशी आम्हां सर्वांची समजूत होती. काकूंनी चार केळी पिशवीत ठेविलीही होती.

आजी पत्रावळीसमोर बसल्या. मग यजमानांच्या मातोश्रींस हाक मारून म्हणाल्या, “तुम्ही कुठं बसणार?”

“तुमचं होऊ द्या बाई, मग आम्ही.”

“मग मीही थांबते. भूक फार नाही मला.”

त्या खरोखरीच हात मांडीवर ठेवून थांबल्या. दोन्ही घरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. अखेरीस त्या दोन मैत्रिणींनीच आणखी पत्रावळी आणून मांडल्या, सतरंजी लांबविली, आणि जगऱ्याजवळ एक माणूस ठेवून बाकी सारे एका ओळीत बसले. यजमानांच्या मातोश्री आजींशेजारी बसल्या. आजींनी चित्राहुती घातल्या, पानगा फोडला, आणि तूप वाढणाऱ्यास “आणखी” म्हणाल्या.

जेवताना बोलणे झाले ते कापसाच्या भावाचे, मुलींच्या परीक्षांचे, धामला यंदा पाणी किती दिवस टिकेल याचे. अठरा एकरांचा विषय कोणी काढला नाही. त्यांतील सहा एकरच आता या यजमानांकडे आहेत, बाकी भावंडांच्या वाटण्यांत गेले, हे आम्हांस पुढे मुलीकडून कळले. यजमान एकदाच म्हणाले, “पिकते जी, पण पुरत नाही.” काकांनी मान हलविली; यावर काय बोलावे हे कोणास सुचले नाही. पणतू मात्र तिसरा पानगा संपवून आडवा झाला होता.

निघताना ओटी भरण्याचे आजींनी आठवणीने केले. खण-नारळ घरून आणलेले होते. चैत्रात हळदीकुंकवास सुना-लेकींसह या, असे आमंत्रणही दिले. त्यांच्या मातोश्रींनी चार पानगे पळसाच्या पानांत बांधून दिले. रात्री साडेनऊस आम्ही पूल ओलांडला. नदी दिसत नव्हती, खडकांवरून जाणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी चहाऐवजी दूध मागितले आणि उरलेला पानगा त्यात कुस्करून खाल्ला.